मोकळा कप्पा

एका राज्यात राजे पुष्कळ होऊन गेले, पण लोकांच्या तोंडी नाव राहिलं ते एका शिवणारणीचं. तिचं नाव एल्हाई. ती चिलखतं शिवायची. चिलखत म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढं लोखंडाचं पिंप उभं राहिलं असेल, तर ते आधी बाजूला सारा. एल्हाईचं चिलखत वरून साधी मखमली बंडी दिसे. आत जाड सुती थर, थरांत लहान लहान कप्पे, कप्प्याकप्प्यात पोलादाची पत्री, आणि पत्री जागची हलू नये म्हणून बाहेरून पितळी खिळे.

एल्हाईच्या घराण्यात चिलखत शिवायची एक रीत होती. डाव्या छातीवरचा तळहाताएवढा एक कप्पा मोकळा सोडायचा. लढाईला निघालेल्या माणसाच्या त्या जागी घरच्या बाईनं हात ठेवायचा, आतली धडधड हाताला लागली, की मग ‘ये’ म्हणायचं. आपली एक जागा उघडी आहे हे शिपायालाही ठाऊक असे. म्हणून तो ढाल तिथं धरून जपून लढे.

एल्हाईचा एकुलता मुलगा हरिपाळ. तो लढाईवर गेला आणि बाण नेमका त्या मोकळ्या कप्प्यातून आत शिरला. पोर गेलं. घरात राहिली ती एल्हाई आणि हरिपाळानं बोलायला शिकवलेली साळुंकी. त्या दिवसापासून साळुंकीनंही चोच मिटली.

वर्षानं तरणा राजा दृढवर्मा तिच्या दारी आला. त्याची आई बाळंतपणातच वारली होती, आणि एल्हाईनं त्याला हरिपाळाबरोबर अंगावर पाजलं होतं.

“दूधआई, सीमेवर शत्रू जमला आहे. माझं चिलखत तू शीव.”

“शिवते, राजा.”

हजार कप्पे शिवून झाले. शेवटचा मोकळा सोडायचा, तर हात काही ऐकेना. आता तुम्हीच सांगा, तुम्ही तरी सोडला असता का? पिढ्यान्‌पिढ्यांची रीत तिनं खुंटीला टांगली आणि कोरड्या विहिरीत राहणाऱ्या कालंबक मांत्रिकाकडं गेली. हा कालंबक कशाचीही पत्री ठोकून देई, धुक्याचीसुद्धा.

“जिच्यातून काहीही पार जाणार नाही, अशी पत्री दे.”

“मग तुझी भीती दे. तिच्याहून कठीण धातू माझ्यापाशी नाही.”

एल्हाईनं भीती काढून दिली. कालंबकानं ती ऐरणीवर ठोकली आणि काळी पत्री तयार झाली. बाई घरी परतली ती ओव्या गुणगुणत. तिनं पत्री त्या कप्प्यात घातली आणि तीन गाठी मारून कप्पा शिवून टाकला.

राजा जिंकला. बाण त्याच्या छातीवर आपटून खाली पडत होते. पण घरी आल्यावर चिलखत अंगातून निघेना, आणि आत काही शिरेना. ना जेवणाची चव, ना कुणाचं रडगाणं. लहानपणापासूनचा घोडा मेला, तर म्हणाला, “दुसरा आणा.” लढाईत विधवा झालेल्या बाया दाद मागायला दारी आल्या, त्यांच्याकडं तो भिंतीकडं पाहावं तसा पाहत राहिला. शिवाय दर अवसेला चिलखत बोटभर आवळे. आठव्या अवसेला वैद्यानं सांगितलं, नववी काही निघत नाही.

एल्हाईच्या कानावर हे गेलं. फास आपणच घातला, हे तिला कळलं. पण भीतीच नव्हती, त्यामुळं काळजात काही हललं नाही. केलेलं निस्तरायला हवं, एवढंच समजून ती कालंबकाकडं गेली.

“पत्री काढ.”

“गाठी तू मारल्यास, तूच सोड. पहिली बहिऱ्या डोंगराच्या पाण्यानं सुटेल. दुसरी नागाच्या दाढेतल्या सुईनं. तिसरी नुसत्या हातानं, पण तो हात थरथरला पाहिजे.”

बहिऱ्या डोंगरावर पाऊल टाकलं, की दरडी कोसळत. माणसं पाहूनच माघारी पळत. एल्हाई दरडींमधून चालत गेली आणि तांब्या भरून आली. मग नागाच्या जबड्यात तिनं कोपरापर्यंत हात घातला आणि सुई उपसली.

नाग म्हणाला, “बाई, तुझा हात तसूभरही हलला नाही. तिसरं काम तुला जड जाईल.”

“बघू,” ती म्हणाली आणि साळुंकीला खांद्यावर घेऊन भर दुपारी राजवाड्यात गेली.

राजा उशांना टेकून बसला होता. ओठ निळे पडले होते. पाण्यानं पहिली गाठ सुटली, सुईनं दुसरी. तिसरीवर एल्हाईची बोटं नुसती फिरत राहिली. हात अगदी स्थिर होता, आणि गाठ हटून बसली होती.

“दूधआई, श्वास पुरत नाही,” राजा म्हणाला.

तिनं ते ऐकलं. सवयीनं तळहात त्याच्या छातीवर ठेवला. हाताला काहीच लागलं नाही, नुसता गार पत्रा.

तेवढ्यात साळुंकी बोलली. आवाज हरिपाळाचा होता. निघताना दर खेपेस तो जे म्हणे, तेच.

“आई, हात ठेव. लागतंय का? मग ‘ये’ म्हण.”

आधी एल्हाईची करंगळी हलली, मग सगळा हात. ऐरणीवर देऊन आलेलं सगळं एकदम परत आलं: हरिपाळ, तो बाण, आणि हाताखाली गुदमरणारं हे दुसरं पोर. “हाही जाईल,” असं म्हणत ती ढसाढसा रडली, आणि त्या थरथरत्या बोटांत गाठ आपसूक सुटली. पत्री खाली पडली आणि दिसेनाशी झाली. तळहाताखाली धडधड सुरू झाली.

राजानं छातीभर श्वास घेतला. “माझा घोडा गेला गं, आणि मी दुसरा मागितला,” म्हणत तो लहान मुलासारखा रडला. मग डोळे पुसून त्यानं दाद मागायला अजून दारी येणाऱ्या त्या विधवा बायांना आत बोलावलं आणि एकेकीचं गाऱ्हाणं दिवे लागेपर्यंत ऐकलं. ज्यांना जे द्यायचं, ते दिलं.

पुढच्या वर्षी सीमेवर शत्रू पुन्हा जमला. एल्हाईनं नवं चिलखत शिवलं, कप्पा मोकळा सोडला. निघताना राजा तिच्यापुढं उभा राहिला. तिनं त्या जागी हात ठेवला आणि कितीतरी वेळ उचलला नाही. हात थरथरत होता. शेवटी म्हणाली, “ये.”

आपली एक जागा उघडी आहे, हे आता राजालाही ठाऊक होतं. शत्रूच्या चिलखतातही तशी जागा असेल, हे त्याच्या मनात आलं. त्यानं आधी दूत पाठवला आणि बाराव्या दिवशी तह करून, एकही माणूस न गमावता तो परतला. एल्हाई उंबऱ्यातच उभी होती. तिनं आधी त्याच्या छातीवर हात ठेवून पाहिलं, मग विचारलं, “जेवलास का?”

कहाणी शिवून झाली, शेवटची गाठ मारली, दोरा तोडला.