नेमके बावन्न

बोरपाडळ गावात टेलिफोनचं केंद्र होतं आणि त्या केंद्रात अनंता नावाचा एक भोळा माणूस होता. भोळा म्हणजे किती? तर सांगितलेलं सगळं ऐकायचा आणि तेवढंच ऐकायचा.

केंद्रातून काचेची तार निघायची. अख्ख्या तालुक्याचं बोलणं उजेड होऊन तिच्यातून पळायचं. त्या लाइनींची मापं ठरलेली. सगळ्यांत लहान लाइन दोन एमबीची, तिच्याहून मोठी एकशेपंचावन्नची, त्याहून मोठी सहाशेबावीसची. या मापाचं त्या मापात बसवायचं, हे अनंताचं काम. आता असल्या माणसाला हे काम कोणी दिलं, ते मला विचारू नका.

त्याची धाकटी बहीण शालन. तिचं लग्न हातखेडला ठरलं होतं. वडील नव्हते, म्हणून वऱ्हाड न्यायचं-आणायचं अनंताकडे. व्याही भलतेच कडक. त्यांनी आधीच बजावलं होतं, "मुहूर्त टळला तर लग्नही टळलं समजा." तेव्हापासून आईच्या घशाखाली घास उतरत नव्हता. आपला मुलगा कसा आहे, ते तिला ठाऊक होतं ना!

एकदा केंद्रप्रमुख वाघचौरे मॅडम म्हणाल्या, "अनंता, एकशेपंचावन्नात दोनच्या जितक्या लाइनी बसतील, तितक्या गिऱ्हाइकांना कबूल कर."

अनंताने सरळ भागाकार केला आणि सत्त्याहत्तर जणांना कबूल करून टाकलं. बसल्या त्रेसष्ट. उरलेले चौदा जण केंद्राच्या पायरीवर येऊन बसले.

"अरे बाबा," मॅडम म्हणाल्या, "कुणाचं बोलणं कुठे न्यायचं, हे सांभाळायलाही आत जागा लागते. काठोकाठ भरायचं नसतं. थोडी जागा सोडायची."

"सोडायची. बरं."

पुढे सहाशेबावीसची नवी लाइन आली. मॅडम म्हणाल्या, "हिच्यात एकशेपंचावन्नच्या बसतील तितक्या जोड."

बसतात चार. अनंताने तीन जोडल्या. चौथीचं टोक नीट गुंडाळून खुंटीला टांगलं. तिच्यावर नेमकं हातखेड होतं. हातखेडचे सगळे फोन मुके झाले. व्याह्यांचा पण झाला. ते मोटरसायकलवरून भांडायलाच आले.

"अनंता, चौथी कुठंय?"

"जागा सोडली."

मॅडमनी कपाळावर हात मारला. "अरे, ती जागा एकशेपंचावन्नच्या पोटातच धरलेली असते! आणि या सगळ्या चालतात एकाच घड्याळावर, मेळ बसवायला वेगळी जागा लागत नाही. म्हणून चार म्हणजे चारच. इथे काही सोडायचं नाही. काठोकाठ भरायचं!"

"काठोकाठ. बरं." अनंताने चौथीही जोडून टाकली.

लग्नाचा दिवस उजाडला. बस आली बावन्न जणांची. अनंता दारात उभा राहून एकेकाला आत घेत होता. मामा चढले, मावश्या चढल्या, शेजारपाजार चढला. सगळ्यांत शेवटी शालन आली, शालू सावरत.

"बस भरली," अनंता म्हणाला.

"दादा, मी नवरी आहे!"

"आहेस ना. पण नेमके बावन्न झाले."

आणि त्याने दार लावलं. आई पुढच्या बाकावर रुखवत मांडीवर घेऊन बसली होती. तिला वाटलं, पोर मागे मैत्रिणींत असेल.

हातखेडला मांडवात व्याही घड्याळ बघत उभे होते. "नवरी कुठंय?"

"घरी आहे," अनंता म्हणाला. "बस काठोकाठ भरली."

आई बसमध्ये बघायला धावली. व्याह्यांनी डोक्यावरचा फेटा काढायला घेतला. तेवढ्यात धुरळा उडवत केंद्राची जीप आली. मॅडम लग्नाला निघाल्या होत्या, रस्त्यात रडणारी शालन दिसली, तिला मागे तारेच्या रिळावर बसवून आणली. कशाबशा मुहूर्तावर अक्षता पडल्या.

आईने अनंताचा कान धरला. "गाढवा! सगळ्यांत आधी नवरीला बसवायचं! मग जागा उरेल तसे बाकीचे!"

"आधी नवरी. बरं."

संध्याकाळी पाठवणीची वेळ झाली. सासरचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला. तिथे उंबरठ्यावर तांदळाचं माप ठेवून विहीणबाई वाट बघत होत्या. मांडवाच्या दारात आपली बस उभी. अनंताने हाक मारली, "शालन, तू आधी बस."

पोर दमलेली. तिला वाटलं, सासरी बसनेच न्यायचं असेल. खिडकीला डोकं टेकलं आणि तिला गाढ झोप लागली. मागून मामा-मावश्या चढल्या. पोटभर रडलेल्या, पोटभर जेवलेल्या, कुणी कुणाकडे बघतंय! बावन्न झाले. आई जावयाला चार शब्द सांगत मांडवात उभी होती, ती उभीच राहिली.

बोरपाडळला बस थांबली. शालनने डोळे चोळले. "दादा, हे तर आपलंच घर!"

घरात फोन वाजत होता. अनंताने उचलला.

व्याही ओरडत होते. "अहो, आमची सून कुठंय?"

"इथं आहे, सुखरूप. आधी तिलाच बसवली."

"आणि इथं आमच्या दारात तुमच्या मातोश्री उभ्या आहेत, त्यांचं काय करू?"

अनंताने खिडकीतून बसकडे पाहिलं. नेमके बावन्न भरले होते, हिशेबात खोट नव्हती. म्हणजे जे झालं ते बरोबरच झालं असणार. त्याला एकदम भडभडून आलं.

"आता ती तुमचीच," तो हुंदका आवरत म्हणाला. "सांभाळून घ्या."