निकाल लागेपर्यंत उभा राहिलेला भुऱ्या

ही गोष्ट सांगू नकोस, असं आत्यानं मला बजावलं होतं. मोठ्यांच्या भांडणातलं लहानांनी बोलू नये म्हणे. पण गोष्ट इतकी जुनी आहे, की त्यातलं कुणी आता रागवायला येणार नाही. म्हणून हळूच सांगते.

खूप खूप मागे, प्राण्यांना बोलता येई आणि माणसांना ते समजेही. फक्त ऐकायला सवड नसे.

त्या काळी डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. तिथल्या कुंभारणीकडे भुऱ्या नावाचं गाढव होतं. त्याच्या पाठीवर डावी-उजवीकडे मडक्यांच्या दोन जाळ्या लादून ती वरच्या वाडीला विकायला जाई. त्यावरच तिचं घर चाले.

त्याच गावात एक विणकर होता. पंख मोडलेली पाखरं, लंगडी कुत्री, सगळी त्याच्या ओसरीवर. एका सकाळी तो चावडीसमोर कुंभारणीला आडवा गेला.

"बाई, सोड याला. मुक्या जिवाला राबवू नये."

"मी मुका नाही," भुऱ्या म्हणाला. पण कुंभारीण तोवर भडकली होती.

"सोडते की! मग मडकी तुझ्या पाठीवर लादू? आणि माझ्या लेकरांच्या ताटात काय तुझी दया वाढू?"

"तुझी ती लेकरं, आणि हा कोण?"

"मोठा आलाय! तुझ्या कापसाची गाडी कोण ओढतं रे, वारा?"

लोक जमले. निम्मे इकडे, निम्मे तिकडे. पंच येऊन बसले.

त्या गावाची एक रीत होती. ज्यावरून वाद, त्याला निकाल लागेपर्यंत कुणी हात लावायचा नाही. भांडं असो की जनावर, आहे तसंच ठेवायचं. त्यामुळे भुऱ्या भरल्या पाठीनं चौकात उभा राहिला.

वाद रंगला. दयेवर बोलणं झालं, पोटावर झालं, पूर्वजांवरही झालं. ऊन चढलं.

"मी जरा बोलू का?" भुऱ्यानं विचारलं.

"गप रे," पंच म्हणाले, "तुझंच तर चाललंय."

ऊन डोक्यावर आलं तसे भुऱ्याचे पुढचे पाय लटपटू लागले. विणकरानं ते पाहिलं आणि तो धावत जाऊन जवळची जाळी उचलू लागला.

"थांब!" कुंभारीण ओरडली. "एकच बाजू काढलीस, तर दुसरी त्याला खाली ओढेल!" ती पलीकडे धावली. "मी म्हणेन तेव्हा. हं, आता!"

दोन्ही जाळ्या एकदम खाली आल्या. पंच ओरडत होते, "हात लावू नका, रीत मोडली!" त्या दोघांनी वळूनसुद्धा पाहिलं नाही.

दोराखाली भुऱ्याची कातडी सोलवटून लाल झाली होती.

"रोज मीच बांधते," कुंभारीण पुटपुटली, "आणि मला दिसलं नाही."

"मी तरी काय केलं?" विणकर म्हणाला. "सकाळपासून इथं उभा आहे. याला पाणीसुद्धा दाखवलं नाही."

त्यानं बादली आणली. पाणी पिऊन झाल्यावर दोघांनी एकदमच विचारलं, "भुऱ्या, तुला काय हवंय?"

भुऱ्या विचार करत म्हणाला, "डोंगर मला आवडतो. वरचं गवत गोड आहे. पण दोर काचतो, आणि दुपारची चढण नको वाटते."

विणकराला पहिल्या वाक्याचं नवल वाटलं, कुंभारणीला शेवटच्याचं.

मग विणकरानं दोराखाली घालायला जाड, मऊ पट्टा विणला. कुंभारणीनं जाळ्या हलक्या केल्या आणि ती उजाडताच निघू लागली. जनावरानं राबावं की नाही, हा वाद काही मिटला नाही. तो वाद ते दोघं रोज घालत, पण भुऱ्याची पाठ चोळता चोळता, एक या बाजूनं, एक त्या बाजूनं. गावानंही रीत बदलली: आधी ओझं उतरवायचं, मग पंचांना बोलवायचं.

बोध एवढाच: ज्याच्या भल्यासाठी भांडायचं, त्याचं ओझं आधी दोघांनी मिळून उतरवावं.

या नव्या रीतीबद्दल भुऱ्याचंही एक म्हणणं होतं. तो म्हणाला, की पंचांनी आता... आले गं आई! आई हाक मारतेय, तर तो म्हणाला, की पंचांनी आता मला 'गप रे' म्हणायच्या आधी एकदा तरी विचारावं.