कणीची गादी गळाली

खूप खूप खाली, जमिनीच्याही खाली, एक खडक होता. त्याचं नाव खडकोबा. किती म्हातारा? डोंगर जन्मलेही नव्हते, तेव्हापासूनचा! त्याच्या जाड जाड बुडाशी हिऱ्याची एक कणी झोपायची. इवलीशी.

एकदा काय झालं, कणीच्या अंगाखालची खडकाची गादीच मऊ होऊन गळाली. टप्प! गेली खाली.

कणी रडू लागली. "खडकोबा, खडकोबा, घट्ट हो ना! माझी गादी गळाली!"

खडकोबा म्हणाला, "कसा होऊ गं? खालून धगमावशी शेक देते. ती थांबली, तर मी घट्ट होईन."

कणी निघाली. सुळुक सुळुक.

धगमावशी लालबुंद बसली होती.

"मावशी, मावशी, थांब ना! खडक मऊ होतो, माझी गादी गळाली!"

मावशी म्हणाली, "मी नाही थांबायची! पाणूदादा खडकाला भिजवतो. ओल्या खडकात शिरायला मज्जा येते. तो थांबला, तर मी थांबेन."

सुळुक सुळुक.

"दादा, दादा, थांब ना! मावशी शेक देते, खडक मऊ होतो, माझी गादी गळाली!"

पाणूदादा म्हणाला, "मी कुठे आपणहून आलो? तळमामाने आणलं. तो थांबला, तर मी थांबेन."

सुळुक सुळुक.

तळमामा म्हणजे समुद्राचा तळ. जडशीळ! सर्र सर्र खाली घसरत होता.

"मामा, मामा, थांब ना! दादा भिजवतो, मावशी शेक देते, खडक मऊ होतो, माझी गादी गळाली!"

मामाने जांभई दिली. "मलाही झोपायचंय गं. पण मला कुणी थोपटतच नाही."

कणी थोपटू लागली. थोप थोप. थोप थोप.

मामाचे डोळे मिटले. कणी हळूच उठली…

सर्र! मामा जागा!

पुन्हा थोप थोप. वर एक डोंगर उगवला. थोप थोप. डोंगर झिजून गेला. थोप थोप. कणीचे हात दुखले. थोप… थोप…

मामा घोरू लागला. घुर्रर्र.

मामा घसरेना. दादा भिजवेना. मावशी शेक देईना. खडक मऊ होईना.

कणी घरी आली. सुळुक सुळुक.

पण तोवर गळून गळून खडकोबा केवढासा झाला होता! जाड जाड बूड गेलं होतं. गळाली ती गादी काही परत आली नाही.

खडकोबाला वाईट वाटलं. "आता एवढीशीच जागा उरली गं. मावशील का?"

कणी तरी अशी केवढी होती?

शिरली आत. मावली.