धुळाचा पांढरा धागा

फार फार वर्षं झाली. माळावरच्या वाघजाळी गावात धुळा नावाचा एक घोंगड्या विणणारा होता. तिशी उलटली तरी दिवसाकाठी चार शब्द बोलत नसे. ढोल वाजला की कान दाबून मागाच्या खड्ड्यात जाऊन बसे. गावानं त्याला खुळा ठरवून टाकलं होतं. गावाला तेवढंच बरं जमतं.

पण त्याची घोंगडी धो धो पावसातही आतून कोरडी राही, असं म्हणतात. एवढंच, की काळ्या लोकरीत तो मधेच पांढरे धागे घाली, कुठे एकच, कुठे गच्च दहा.

थोरल्या बहिणीचा, हौसाक्काचा, त्याच्यावर फार जीव. भावाला कुणी हसू नये म्हणून ती ते पांढरे धागे एकेक करून उपसून काढी आणि तिथे काळे भरी. धुळा समोर बसून बघे. एकदाच म्हणाला, "अक्का, ते म्या बोललंय."

"असू दे रं. लोकं हसत्यात."

त्यानंतर तो तिच्याशीही बोलला नाही.

मग जत्रा आली. ढोलानं अंगातलं भूत पळतं म्हणून चौघांनी धुळाला उचलून बारा ढोलांच्या मधोमध बसवलं. हौसाक्का आडवी आली नाही. भाऊ बरा होईल, असं तिला वाटलं. धुळा ओरडलासुद्धा नाही. घरी येऊन तीन दिवस अन्नपाण्यावाचून विणत राहिला आणि चौथ्या दिवशी माळाकडे चालू लागला. पुन्हा तो कुणालाच दिसला नाही.

मागं राहिलेली घोंगडी पांढरीशुभ्र होती. हौसाक्कानं ती डोक्यावरून घेतली मात्र, आत बारा ढोल वाजू लागले. पळायला कोपरा नव्हता. घोंगडी फेकली तेव्हा तिचे काळेभोर केस लोकरीसारखे पांढरे झाले होते, असं म्हणतात.

उपसलेले धागे तिनं उशीत भरले होते. वर्षानुवर्षं ती त्यावरच डोकं टेकून झोपली होती. तिनं उशी फोडली आणि मरेपर्यंत ते धागे अंगणात मांडत बसली. पण कुठला आधी, कुठला नंतर, ते तिला कधीच उमगलं नाही.

अजूनही जत्रेत त्या घरापुढून जाताना ढोलांवर घोंगड्या टाकतात आणि सगळे मुकाट्यानं पुढं सरकतात. वाघजाळीच्या प्रत्येक घोंगडीत एक पांढरा धागा असतो. नवखं माणूस तो ओढायला गेलं, की विणणारा हात धरतो.

"कुनीतरी बोललंय ते. ऱ्हाऊ द्या."