बशीखालचा हात

“पण तुम्हाला कळायचं कसं आजोबा, की आता हा पोरगा एकटा जाऊ शकतो?”

केतकीने तिसऱ्यांदा विचारलं. अण्णांनी तिसऱ्यांदा ऐकलं नाही.

अण्णा म्हणजे माझे वडील, कृष्णाजी रणदिवे. दुसऱ्या महायुद्धात ते पोरांना विमान चालवायला शिकवायचे. ते गेल्यावर भेटायला आलेल्या दहातल्या नऊ जणांनी मला विचारलं, शत्रूची किती विमानं पाडली हो त्यांनी? एकही नाही. पाडायला नव्हते, शिकवायला होते. युद्ध संपलं तेव्हा गावी येऊन तीस वर्षं ट्रॅक्टर शिकवला, आणि त्याचीही त्यांना कधी लाज वाटली नाही. मी सांगतेय त्या दिवशी ते पंचाण्णव वर्षांचे होते. एक कान बंद, दुसरा मर्जीप्रमाणे उघडायचा.

केतकी माझ्या भावाची मुलगी. तीही विमान शिकवते, एका फ्लाइंग क्लबात, सहा महिने झाले. त्या दुपारी न कळवता आली आणि पडवीत येरझाऱ्या घालायला लागली. बसायची, उठायची, फोन बघायची, पालथा ठेवायची.

“बस गं एका जागी,” मी म्हटलं. “फरशी झिजेल.”

“आत्या, उद्या सकाळी सात वाजता मला सांगायचंय. माझा विद्यार्थी नाईकनवरे एकटा उडणार की नाही. नाही म्हटलं तर साहेब त्याला दुसऱ्याच्या हाताखाली देणार, आणि मला ऑफिसात बसवणार. कायमची.”

“मग हो म्हण.”

“आणि आपटला तर?”

मी चहा टाकायला आत गेले.

बाहेर आले तेव्हा अण्णांचा कान उघडला होता.

“कसा आहे तो?”

“चांगला आहे. माझ्याबरोबर सुरेख उतरवतो.” तिची मान ताठ झाली. “माझ्या हाताखाली आजवर एक चाकसुद्धा वाकडं झालेलं नाही, आजोबा.”

“बरं… आणि एकटे किती गेले?”

“…एकही नाही.”

मी कपातला चहा बशीत ओतला. अण्णा जन्मभर बशीनेच प्यायचे. हात कापायला लागल्यापासून बशी मी धरायची. दोन वर्षांत एक थेंब सांडू दिला नव्हता मी. त्या दिवशी बाकावर शेजारी केतकी होती, म्हणून तिने बशीखाली हात लावला.

अण्णांनी बशी ओठाला लावली. थांबले.

“चहा कोण पितंय?”

“तुम्ही.”

“अस्सं.”

बशी तशीच राहिली, दोघांच्या हातांत.

“हरनाम म्हणून एक होता,” अण्णा म्हणाले. “पंजाबातल्या लायलपूरचा. एकोणीस वर्षांचा. आमच्या विमानात मी पुढे, तो मागे. विमान फिरवायचा दांडा दोघांपुढेही, आतून जोडलेला. एक हलला की दुसरा हलायचा.”

“माहितेय मला.”

“माहितेय तर ऐक. चौदा वेळा उतरला माझ्याबरोबर. काय उतरायचा! लोणी. मी खूश. पंधराव्यांदा म्हटलं, जा, एकटा जा.”

“मग?”

“वरून सरळ आला. जमीन जवळ आली, आणि विमानाचं नाक उचलायला दांडा ओढलाच नाही त्याने. वाट बघत होता.”

“कशाची?”

“दांडा आपोआप मागे येण्याची. रोज यायचा तसा.”

केतकीचा पाय हलायचा थांबला.

“मी तर नुसती दोन बोटं टेकवायचो गं. हलकीच. मला वाटायचं, मी काही करतच नाही. त्यालाही वाटायचं, आपणच करतोय.” अण्णांनी डोळे मिटले. “चौदाच्या चौदा वेळा मीच उतरलो होतो. त्याला कुणी शिकवलंच नव्हतं.”

हरनामचं नाव मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. अडुसष्ट वर्षांची होते मी. एवढी वर्षं एका घरात राहिलो, आणि या माणसाने ते कुठे ठेवलं होतं कुणास ठाऊक.

“पुढे काय केलंत?” केतकीने विचारलं.

“पुढे उतरताना दोन्ही हात वर करून बसायचो. असे, डोक्याच्या वर. मागच्याला दिसावेत म्हणून.”

“घाबरत असतील बिचारे.”

“मी घाबरायचो.”

पडवीत वारा आला. कॅलेंडर भिंतीवर आपटत राहिलं. त्याला कुणी धरायला उठलं नाही.

“बोटं काढ,” अण्णा म्हणाले.

तिने खाली पाहिलं. तिची चार बोटं अजून बशीखालीच होती.

“सांडेल, आजोबा.”

“काढ.”

“गरम आहे! आत्या, सांग ना यांना.”

मी काय सांगणार? माझाच हात फडक्याकडे गेला होता.

तिने बोटं काढली.

बशी लटपटली. चहा डावीकडून गेला, उजवीकडून गेला, धोतरावर पिवळा डाग पसरत गेला. केतकीचा हात दोनदा पुढे आला. तिसऱ्यांदा तिने दोन्ही हात मांड्यांखाली दाबले आणि त्यांच्यावर बसून राहिली. अण्णांनी मान पुढे केली. फुर्रकन एक घोट घेतला. मग दुसरा. बशीत जेमतेम अर्धा राहिला असेल, तेवढा सगळा प्यायले.

दोन वर्षांत चहा पिऊन असं चवीने मिशी पुसताना मी त्यांना पाहिलं नव्हतं. मला राग आला. कुणाचा, ते लगेच कळलं नाही.

पालथा फोन थरथरला. केतकीने उचलला.

“हो सर… नाईकनवरे. उद्या सातला…” तिने श्वास घेतला. “हो. एकटा. आधी एकदा माझ्याबरोबर उतरवेल, मी दांड्याला हात लावणार नाही.”

फोन ठेवला आणि पुन्हा उठली. पडवीच्या टोकापर्यंत गेली, तिथून वळली.

“आजोबा, म्हटलं खरं मी. पण उद्या चुकला तर? वर जाऊन धरता येणार नाही मला त्याला.”

अण्णांनी धोतरावरच्या डागाकडे पाहिलं. मग कापत्या हाताने रिकामी बशी माझ्यापुढे धरली.

“अजून ओत. या वेळी काठोकाठ.”