काडीमोडीचा साक्षीदार

भुजंगराव महाराजांनी एके सकाळी हुकूम काढला, "आमच्या राज्यात आजपासून काडीमोड बंद!"

झाली का पंचाईत! आजवर नवराबायकोचं फारच बिनसलं, की पंचांसमोर गवताची काडी मोडायची. मग तू तुझ्या वाटेनं, मी माझ्या. पण यानं राज्याची अब्रू जाते, असं कुणीतरी महाराजांच्या कानात सांगितलं. महाराजांना पटलं. सगळ्यात शेवटी जो बोलेल त्याचंच त्यांना पटायचं!

पहिला दणका बसला गजराला. तिची काडी दुसऱ्याच दिवशी मोडायची ठरली होती. ती रडत बाजारात सुंद्राक्काकडे गेली. सुंद्राक्का सुपं-टोपल्या विणायची आणि विणता विणता लोकांची भांडणं सोडवायची. मोबदला काय, तर पानसुपारी. गावानं तिचं नावच पाडलं होतं, बिनपगडीची वकील.

"मारतो का गं तुझा निंबाजी?" तिनं विचारलं.

"नाही हो आक्का! मारलं असतं तर वळ तरी दाखवले असते. दारू नाही, जुगार नाही. नुसता चुका काढतो! भाकरी वाकडी, रांगोळी फिकी, हसणं मोठं, चालणं जोरात. आणि वर म्हणतो, तुझ्याच भल्यासाठी सांगतो! आता तर शिंक आली तरी दाबते मी. परत त्या घरात गेले ना, तर वेड लागेल मला."

सुंद्राक्कानं हातातलं सूप खाली ठेवलं. "चल दरबारात."

दरबारात निंबाजी हात जोडून असा उभा, जणू गरीब गाय! महाराज खूश.

"असा निर्व्यसनी नवरा दिवा घेऊन शोधला तरी मिळायचा नाही! बाई गं, थोडं सोसावं, थोडं हसावं, म्हणजे संसार होतो. आमच्या राणीसाहेबांनी कधी तक्रार केली?"

पडद्याआड राणीसाहेब नुसत्या खोकल्या.

"महाराज," सुंद्राक्का म्हणाली, "सुरी सोन्याची असली म्हणून कुणी उरात मारून घेतं का?"

"जीभ फार चालते तुझी!" महाराज तडकले. "याच्यासोबत राहवत नाही म्हणता ना? मग साक्षीदार आण! याच्याबरोबर एका छपराखाली राहिलेला. पण सोयरा नको, वैरी नको, आणि ज्याच्या शब्दाला किंमत आहे असाच हवा. आठ दिवसांत आणलास तर काडी मोडू. नाहीतर ही मुकाट्यानं नांदायला जाईल, जन्मभर!"

दरबारी मिशीतल्या मिशीत हसले. निंबाजीच्या छपराखाली गजराशिवाय काळं कुत्रंही राहिलं नव्हतं. गजराचा चेहरा उतरला.

"आणते की!" सुंद्राक्का म्हणाली. "तोवर गजरा माझ्याकडे राहील. पण मग निंबाजीला भाकरी कोण घालणार? असं रत्न तुम्हीच ठेवून घ्या, महाराज. अगदी तुमच्या शेजारी. चार चांगल्या गोष्टी कानावर पडतील."

"वा! दिला शब्द. आठ दिवस हा आमचा खासा पाहुणा!"

निंबाजी लवून म्हणाला, "महाराज, बसताना पाठ ताठ ठेवावी. आपल्याच भल्यासाठी सांगतो."

"पाहिलंत? किती ही काळजी!" महाराज म्हणाले.

त्या दुपारी महाराज जेवायला बसले, तर "घास मोठा झाला, महाराज." वामकुक्षीला आडवे झाले, तर "घोरता हो तुम्ही. कूस बदला." पागोटं बांधलं, तर "पीळ उलटा बसला." ते पुन्हा सोडून बांधायला लावलं! महाराजांनी शिकारीचा किस्सा रंगवून सांगितला, तर भर दरबारात निंबाजी म्हणाला, "कालच्या किस्स्यात अस्वल होतं, महाराज. आज वाघ कसा झाला?"

हाकलावं, तर निंबाजीचा गुन्हा काय? आणि राजाचा शब्द मोडायचा कसा?

तिसऱ्या दिवशीच हुजऱ्या धापा टाकत बाजारात आला. "आक्का, चला! आत्ताच्या आत्ता!"

महाराजांचे डोळे लाल, डोकं बोडकं. पागोटं बांधायची छातीच होत नव्हती!

"साक्षीदार सापडला का?"

"सापडला, महाराज. पण म्हटलं, अजून पाच दिवस अढीत राहू द्यावा. पिकेल चांगला."

"अढीबिढी काही नको! याला आधी घरी पाठव!"

"असं कसं? वाजतगाजत घरात घेतलंत. आता थोडं सोसावं, थोडं हसावं, महाराज. काडीमोड तर राज्यात बंद आहे!"

पडद्याआड कुणीतरी खुदकन हसलं. महाराजांनी कपाळावर हात मारला. "बाई, पाया पडू का तुझ्या? आण तो साक्षीदार!"

"आणायचा कशाला? हा काय सिंहासनावर बसलाय. निंबाजीसोबत एका छपराखाली राहिलेला, सोयरा नाही, वैरी नाही, आणि शब्दाला किंमत असलेला. बोला साक्षीदार, राहवतं का याच्यासोबत?"

सगळा दरबार सिंहासनाकडे वळला. तेवढ्यात निंबाजी पुढे झाला.

"साक्ष उभं राहून द्यावी, महाराज. तुमच्याच भल्यासाठी…"

"नाही राहवत!" महाराज ताडकन उठून ओरडले. "देवाशपथ, नाही राहवत!"

आणि आपण काय बोलून बसलो ते ध्यानात येताच ते असे हसत सुटले, की त्यांना पोट धरून खाली बसावं लागलं. "फसवलंस गं! जिंकलीस! अरे, काडी आणा!"

"एक नको, महाराज, दोन आणा," सुंद्राक्का म्हणाली. "एक गजरासाठी, एक तुमच्यासाठी!"

पहिली काडी मोडली. "वाकडी मोडली," निंबाजी म्हणाला. आणि गजरा हसली. भर दरबारात, खळखळून, अगदी मोठ्यानं! दुसरी काडी महाराजांनी स्वतःच्या हातानं कडकन मोडली. हुकूम तिथल्या तिथे रद्द झाला आणि नदीकाठचं अख्खं बांबूचं बेट सुंद्राक्काला टोपल्यांसाठी बक्षीस मिळालं.

ती मुजरा करून निघाली, तोच पडद्याआडून आवाज आला, "सुंद्राक्का, तिसरी एक काडी असू द्या हो हाताशी!"

महाराज पुन्हा खो खो हसले. मग मात्र पाठ ताठ करून बसले.