नदीआईची वाट

पूर्वी शिलावती नगरीत जयसेन राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व वेत्रा नदीकाठच्या धीवरवस्तीत जन्मले आणि वयात आल्यावर वस्तीचे प्रमुख झाले. त्यांचे नाव सोमिल. पण शब्द चाले तो त्यांच्या मामांचा, भद्रकाचा. कारण नदी अडवणारा बांबूचा कूड त्याच्या हातचा होता.

दरवर्षी पूर ओसरू लागला की सोनेरी खवल्यांचे मासे खालच्या डोहांतून प्रवाहाविरुद्ध वर निघत. पूर्वजांच्या कुडात काठालगत हातभर जागा मोकळी असे. तिला ‘नदीआईची वाट’ म्हणत; ती कशासाठी, हे मात्र कोणी विचारीत नसे. तरुणपणी भद्रकाने ती वाट बुजवली आणि आईचा मान राहावा म्हणून तेथे एक दगड मांडून त्याला फुले वाहण्याची प्रथा पाडली. त्या वर्षी टोपल्या अपुऱ्या पडल्या आणि लोकांनी भद्रकाला खांद्यावर घेतले. पुढे मासे घटू लागले. आई रुसली असे समजून भद्रकाने फुले वाढवली आणि बांबू अधिक दाट केले. मासे आणखी घटले. अखेर राजाचा निरोप आला: यंदाच्या उत्सवाला मासे मिळाले नाहीत, तर नदीचा हा पट्टा दुसऱ्या धीवरांना दिला जाईल.

पूर ओसरला आणि एका सकाळी कुडापाशी पाणी सळसळले. तीनशे तरी मासे बांबूंवर डोकी आपटत होते. भद्रकाचा जीव भांड्यात पडला.

“बघत काय राहिलास, सोमिल? आईला पाझर फुटला! जाळी काढा!”

“मामा, कूड उघडू या. यांना वर जाऊ द्या.”

“जाऊ द्या? मग पाटरांगोळीही करतो ना त्यांच्यासाठी! अरे, वस्ती उठेल आपली.”

“वस्ती टिकावी म्हणूनच सांगतो. हे वर का जातात, याचा कधी विचार केलात?”

“मासे ते. इकडे नाही तर तिकडे जायचेच.”

बोधिसत्त्वांनी वाद वाढवला नाही. त्यांनी काठावर एक लांब चर खणून पाण्याने भरला आणि त्यात पाच मासे सोडले. वस्तीच्या वरच्या अंगाला वेत्रेला दोन ओढे मिळत, धवला आणि कपिला. “दोन्हींचे पाणी तुम्हीच भरून आणा,” ते मामांना म्हणाले, “आणि कोणत्या घागरीत कोणते, ते मला सांगू नका.”

भाच्याची खोड मोडायची म्हणून भद्रक होडी घेऊन गेला. दुपारी परतून त्याने चराच्या दोन टोकांना दोन घागरींतले थोडे थोडे पाणी हळूहळू ओतले. पाचही मासे एकाच टोकाकडे वळले. तिकडे सावली असेल, असे मनाशी म्हणून त्याने टोके बदलून पाणी पुन्हा ओतले. माशांनीही दिशा बदलली. तिसऱ्या वेळी त्याने पुन्हा टोके बदलली; मासे पुन्हा त्याच पाण्यामागे गेले.

“धवला,” तो पुटपुटला. “तिन्ही वेळा धवलाच.”

“तिच्या गार, खडकाळ पात्रात यांचा जन्म झाला,” बोधिसत्त्व म्हणाले. “लहानपणी ओळखीचा झालेला तिचा वास यांना माघारी बोलावतो. तेथे खड्यांमधून पाणी खेळते राहते, म्हणून अंडी जगतात. खाली गाळात ती कुजतात. पिल्ले मोठी व्हायला प्रवाहाबरोबर आपल्याकडेच उतरतात. यांना येथे धरले, की चार वर्षांनी येणारे मासेही आपण आजच खाल्ले.”

भद्रक दगडावरच्या फुलांकडे वळला. “तीस वर्षे आईला फुले वाहिली,” तो म्हणाला, “आणि तिची वाट मीच अडवून बसलो.” मग कोयता घेऊन तो पाण्यात उतरला आणि त्याने वाटेवरच्या कुडाचे बंध स्वतः तोडले. मासे त्याच्या मांड्यांना घासून वर गेले.

उत्सवाचे मासे सोडून दिल्याचे ऐकून राजा रागाने नदीवर आला. बोधिसत्त्वांनी चरातल्या पाच माशांवर त्याच्या हातून तीच परीक्षा करवली आणि चार वर्षांची मुदत मागितली. “मासे न आल्यास मी राज्याबाहेर जाईन, महाराज.”

“मीही,” भद्रक पुढे होऊन म्हणाला. “बांधला मी, तोडलाही मी.”

डोळ्यांनी पाहिलेले नाकारणे राजाला जमले नाही. त्याने मुदत दिली.

ती चार वर्षे वस्तीने सोनेरी मासे न धरता कंदमुळांवर आणि तळ्यातल्या गोगलगाईंवर काढली. “काय मामा, आज फुलांची भाजी का?” असे टोमणे भद्रकाने मुकाट्याने ऐकले, पण वाट पुन्हा बुजवू दिली नाही.

चौथ्या वर्षी पूर ओसरताना तो पहाटेपासून त्या वाटेत कमरेइतक्या पाण्यात उभा होता. ऊन चढले आणि त्याच्या पायांवर काही आदळले. मग पुन्हा, मग इतके की त्याचा तोल गेला. मान वर करून पाहतो, तर वेत्रा या काठापासून त्या काठापर्यंत सोन्यासारखी झळकत होती.

“आले!” भद्रक ओरडला. “सोमिल, आले रे, सगळे आले!”

बायामुले काठावर धावली, ढोल वाजू लागले. साऱ्या टोपल्या भरल्या, तरी मोकळ्या वाटेने संध्याकाळपर्यंत मासे वर जातच होते. राजाने वेत्रा कायमची वस्तीला दिली आणि राज्यातल्या प्रत्येक कुडात अशी वाट राखावी, अशी दवंडी पिटवली.

विहारात जमलेल्या भिक्षुसंघाला ही कथा सांगून शास्ते म्हणाले, “भिक्षूंनो, तेव्हाचा राजा म्हणजे या विहाराला उपवन देणारा गृहपती सुमंगल. भद्रक म्हणजे आपली चूक आज भर संघात सांगणारा हा वृद्ध भिक्षू, स्थविर पूर्णिक. आणि सोमिल मीच होतो.” हाती आलेले सोडून पुढचे जीवन पाहणाऱ्या प्रज्ञेची ही कथा होय.